चपळाईची सनद

हैदराबाद शहराच्या अमीरपेठ भागात मैत्रीवनम् नावाची एक इमारत आहे. तिच्या अवतीभवतीच्या गल्ल्यांतून संगणकविद्येच्या शिकवणीवर्गांचा जो बाजार भरतो, तो साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. भिंतीभिंतींवर अभ्यासक्रमांचे फलक, टिपणांच्या छायाप्रती विकणारी दुकाने आणि दाटीवाटीने वसलेली वसतिगृहे हे तेथील नित्याचे दृश्य. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते माधापूर येथील ‘सायबर टॉवर्स’चे उद्घाटन झाले आणि हायटेक सिटीचा वाडा उभा राहू लागला. त्या वाड्यात शिरू पाहणाऱ्यांसाठी अमीरपेठ ही जणू देवडीच ठरली. मराठी माणसाला हे शहर परके नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता आणि तेथील मुले उस्मानिया विद्यापीठाची पायरी चढत असत. आज गोव्या-कोकणातले अभियंतेही पोटापाण्यासाठी हैदराबादची वाट धरतात. म्हणूनच त्या देवडीवर काय विकले जाते, ह्याची चौकशी आपणही करावयास हवी.

ह्या बाजारातील एक मोठ्या मागणीची वस्तू म्हणजे ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीचे व्यावसायिक प्रमाणपत्र. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ. संगणकप्रणाली बांधताना आधी सर्व आराखडा कागदावर पक्का करावयाचा आणि दोन-तीन वर्षांनी तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या हवाली करावयाची, ही जुनी रीत. तोवर गिऱ्हाइकाची गरज पालटलेली असे आणि श्रम व पैसा दोन्ही वाया जात. त्यावर उपाय म्हणून काम लहान लहान टप्प्यांत करावे, दर दोन-तीन आठवड्यांनी चालते काम गिऱ्हाइकास दाखवावे, चुकले असेल तेथे लगेच दुरुस्त करावे, असा विचार पुढे आला. १९८६ साली ताकेउची व नोनाका ह्या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन आदी कारखान्यांतील कार्यपद्धतीवर लिहिताना रग्बी खेळातील ‘स्क्रम’ची उपमा वापरली. पुढे केन श्वेबर व जेफ सदरलंड यांनी १९९५ मध्ये त्याच नावाची पद्धत संगणकक्षेत्रापुढे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या उटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ह्या विचाराचा जाहीरनामा सिद्ध केला. चालती प्रणाली हेच प्रगतीचे मुख्य माप होय, कागदपत्रांचे भारे नव्हेत, हे त्याचे सार.

आता दैवाची थट्टा पाहा. ज्यांनी कागदाविरुद्ध बंड पुकारले, त्यांच्याच नावाने आज कागद विकला जात आहे. स्क्रम अलायन्स ह्या संस्थेचे ‘स्क्रम मास्टर’ हे बिरुद मिळवावयाचे तर साधारणतः दोन दिवसांचा वर्ग पुरा करावा लागतो. नंतर पन्नास प्रश्नांच्या परीक्षेत सदतीस उत्तरे बरोबर आली की झाले. पुढे दर दोन वर्षांनी शंभर डॉलर भरून बिरुदाचे नूतनीकरण! स्क्रम डॉट ऑर्ग ह्या दुसऱ्या संस्थेची पहिली परीक्षा अधिक कस पाहणारी आहे. साठ मिनिटांत ऐंशी प्रश्न सोडवावयाचे आणि ८५ टक्के गुण मिळवावयाचे. ह्या बिरुदाची मुदत मात्र संपत नाही. पण दोन्ही परीक्षांना बसण्यासाठी उमेदवाराने एखादी प्रणाली प्रत्यक्ष बांधलेली असावी, अशी अट नाही. ज्या मार्गदर्शक पुस्तिकेवर हा सारा डोलारा उभा आहे, ती २०२० सालची आवृत्ती पंधरा पानांच्या आत संपते आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. म्हणजे विद्या फुकट आणि मोल आहे ते शिक्क्याला!

ह्यात विद्यार्थ्यांना हसणे सोपे आहे; पण ते अन्यायाचे होईल. नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांच्या ढिगातून चाळणी कशी लावावी, हे कळेनासे झाले की कंपन्यांचे अधिकारी प्रमाणपत्राचा रकाना पाहतात. परदेशी गिऱ्हाइकापुढे आपल्याकडे इतके प्रमाणित लोक आहेत असे सांगता येते, हाही एक लाभ. शिक्का मागितला जातो म्हणून तो विकला जातो आणि विकला जातो म्हणून पुन्हा मागितला जातो. ह्या चक्रात भरडला जातो तो ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा पदवीधर. वर्गाचे शुल्क, त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर आणि परक्या शहरातील राहण्या-जेवणाचा खर्च ही रक्कम बहुधा बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून किंवा आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभी राहते. चार वर्षे अभियांत्रिकी शिकविल्यानंतरही मुलाला दोन दिवसांच्या शिक्क्यासाठी पुन्हा खिसा रिकामा करावा लागत असेल, तर त्या चार वर्षांचे मोल काय, असा प्रश्न त्या घराने कोणास विचारावा?

आणि शिक्क्याचा भरवसा तरी किती? जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच एक, डेव्ह थॉमस, यांनी २०१४ साली ‘अ‍ॅजाइल’ हा शब्द धंदेवाईकांनी निरर्थक करून टाकल्याची तक्रार जाहीरपणे मांडली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन ह्या बँकेने अ‍ॅजाइलच्या नावाने चालणारी स्वतंत्र पदे रद्द केली. अकराशेहून अधिक जागा गेल्या. हे काम आता सर्वच अभियंत्यांनी आपल्या नित्यकर्मात सामावून घ्यावयाचे, असे कारण देण्यात आले. पद्धत मेली नाही, तिचे पुरोहित तेवढे अनावश्यक ठरले. केवळ पौरोहित्याची सनद घेऊन निघालेल्या तरुणाने ह्यातून बोध घ्यावा.

आपल्या किनाऱ्यावरील लोकांना ह्यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. घरोघरी तारवटी असलेला हा प्रदेश आहे. जहाजावरील अधिकाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र हवे असेल, तर परीक्षेबरोबरच दर्यावरील प्रत्यक्ष सेवेचा हिशेब द्यावा लागतो. १९७८ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानेच तसे बंधन घातले आहे. वादळात जहाज हाकारणे बंदरावर बसून शिकता येत नाही, हे जगाने ओळखले आहे. मग बँकांचे व्यवहार, इस्पितळांच्या नोंदी आणि रेल्वेची आरक्षणे ज्या प्रणालींवर चालतात, त्यांच्या बांधणाऱ्यांना वेगळा न्याय का? अमेरिकेच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे अ‍ॅजाइलविषयक प्रमाणपत्र कामाचा अनुभव मागते. म्हणजे अशी अट घालणे अशक्य नाही.

आमच्या मते उपाय अमीरपेठेत शोधण्यापेक्षा आपल्या घरी शोधावा. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून उभे आहे. तेथील आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या तुकड्यांकडे खरी कामे का सोपवू नयेत? कदंब महामंडळाच्या बसगाड्यांचे वेळापत्रक, पंचायतीकडील तक्रारींची नोंद, मासळीच्या जेटीवरील आवक-जावक ह्यांसाठी लहानशी प्रणाली बांधावी. दर पंधरवड्याला ती वाहकाला, पंचायत सचिवाला, मासेविक्रेतीला दाखवावी आणि त्यांचे बोलणे ऐकून सुधारावी. एका सत्रात चपळाई अंगवळणी पडेल. शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे. त्याचा लाभ ह्या क्षेत्रातील मुलांनाही मिळवून द्यावा. कंपन्यांनीही शिक्का विचारण्याऐवजी उमेदवाराने काय बांधले, कोठे चुकले आणि कसे सावरले, हे विचारावे.

ज्यांना आजच नोकरी हवी आहे, त्यांनी प्रमाणपत्र घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. दारावर पहारेकरी जे मागतो, ते कधीकधी द्यावेच लागते. मात्र आधी ती फुकटची पुस्तिका वाचावी, चार मित्र जमवून एखादे खरे काम तडीस न्यावे आणि मगच परीक्षेच्या शुल्काचा विचार करावा. मुलाच्या शिक्षणासाठी गहाण पडलेल्या पाटल्या सोडवून आणण्याची ताकद त्याच्या हातच्या कसबात असते. भिंतीवर टांगलेल्या सनदेत ती नसते.