वन्यजीव पर्यटनातील खाद्य-आमिष

वन्य प्राण्याचे दर्शन किंवा छायाचित्र हमखास मिळावे म्हणून त्याला खाद्य टाकून जवळ आणण्याच्या प्रथेस खाद्य-आमिष म्हणता येईल. तिचे सर्वाधिक चर्चिले गेलेले रूप म्हणजे शार्कदर्शन. यात पाण्यात माशांचे रक्त व तुकडे सोडून शार्कला पाणबुड्यांजवळ आणले जाते. फ्लोरिडाने २००२ पासून आपल्या सागरी हद्दीत यास मनाई केली, तर मेक्सिकोने जानेवारी २०२३ मध्ये ग्वादालुपे बेटाजवळील शार्क पर्यटन बंद केले.

ठाणे-कल्याण परिसरात हाच प्रश्न कुरव (सीगल) पक्ष्यांच्या निमित्ताने उभा राहतो. हिवाळ्यात लडाख, तिबेट व मध्य आशियातून तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव येथील खाड्यांत उतरतात. कल्याणला दुर्गाडी व गांधारी परिसरातील खाडीकाठी त्यांना गाठी, शेव, फरसाण टाकले जाते. ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) मात्र शेवेला भुलत नाही. तो चोचीने पाणी गाळून शैवाल व सूक्ष्मजीव खातो. त्याच्यासाठी २०१५ मध्ये घोषित झालेले अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे.

फरसाणातील मीठ कुरवांना मारक ठरते, असे सर्रास सांगितले जाते. कुरवाच्या डोळ्यांवर क्षारग्रंथी असतात व जादा मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर पडते, हे लक्षात घेता तो मुद्दा तितकासा भक्कम नाही. खरी हानी अन्यत्र आहे. मासे, खेकडे व कीटक यांची जागा तळलेले बेसन घेते. परतीच्या दीर्घ उड्डाणासाठी चरबीबरोबर सकस प्रथिनेही हवी असतात, ती त्यातून मिळत नाहीत. शिवाय एका जागी दाटी झाल्याने रोग पसरण्यास वाव मिळतो. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मृत आढळलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता, हे येथे विसरता येत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शिकारी’च्या व्याख्येत आमिष दाखविण्याचाही समावेश आहे. तथापि, कौतुकाने टाकलेली मूठभर शेव त्या व्याख्येत बसते काय, हा प्रश्न उरतोच.

शार्क पर्यटनाचे समर्थक म्हणतात की, जिवंत शार्कपासून उत्पन्न मिळाले तर त्याची कत्तल थांबेल. या युक्तिवादात काही तथ्य आहे. कुरवाच्या बाबतीत तेवढाही आधार नाही. बाजारासाठी त्याची शिकार होत नाही. येथे लाभ मुख्यतः छायाचित्रकारांचा आणि घाटावरील खाद्यविक्रेत्यांचा.