सशाच्या मादीची गर्भपरीक्षा हातानेच करावी

सशाची मादी गाभण आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तिला पुन्हा नराकडे सोडण्याची रीत टाकावी, असे आमचे मत आहे. गाभण मादीही कधी कधी नर घेते. मग ती रिकामी समजली जाते आणि ३१ व्या दिवसाच्या सुमारास पिले उघड्या जाळीवर जन्मून गारठून मरतात.

शेतकरी बंधूंनी हातावर विश्वास ठेवावा. मादी भरविल्यानंतर १२ ते १४ दिवसांनी तिला सपाट जागी बसवून खांद्यावरील सैल कातडी एका हाताने धरावी. दुसऱ्या हाताचा अंगठा व बोटे पोटाखाली, मागील पायांच्या पुढे, हलकेच सरकवावीत. गर्भ गोटीएवढे, मऊ व निसटते लागतात. लेंड्या बारीक व कठीण असतात. दाबू मात्र नये, गर्भ दगावतो. रिकामी मादी पुन्हा भरवावी. गाभण मादीस २८ व्या दिवशी गवत घातलेली पेटी द्यावी.