निवाडा नको, निरूपण हवे

खोपोलीचा शिळफाटा हा तसा वाटसरूंचा थांबा. मुंबईहून आलेला जुना महामार्ग येथून पुढे बोरघाट चढू लागतो. पेण आणि पालीकडे जाणारे रस्तेही जवळच फुटतात. या नाक्यापासून फार तर दोन तासांच्या अंतरावर २०१५ नंतर तीन प्रकरणे अशी गाजली, की देशभरच्या वृत्तवाहिन्यांच्या गाड्या रायगड जिल्ह्यात येऊन थडकल्या. पहिले पेण तालुक्यातील गागोदे येथील जंगलात सापडलेल्या मानवी अवशेषांचे, म्हणजे शीना बोरा खून प्रकरण. (गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. त्या गावाचे नाव देशाला अशा कारणाने पुन्हा ऐकावे लागावे, हा दैवदुर्विलासच.) दुसरे अलिबागजवळील कावीर येथील अंतर्गत सजावटकाराच्या आत्महत्येचे, ज्यात संपादक अर्णब गोस्वामी यांना अटक झाली. तिसरे थेट खालापूर तालुक्यातले, चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओचे संस्थापक आणि ख्यातनाम कलादिग्दर्शक नितीन देसाई यांच्या मृत्यूचे.

तिन्ही वेळा पडद्यावरचे दृश्य सारखेच होते. एका चौकटीत घटनास्थळ, दुसऱ्या चौकटीत निवेदक आणि उरलेल्या चौकटींत तज्ज्ञ. कोणी विधी महाविद्यालयाचे प्राध्यापक, कोणी गुन्हेशास्त्राचे, कोणी मानसशास्त्राचे. त्यांना विचारला जाणारा प्रश्नही बहुधा एकच असतो : दोषी कोण? ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यायालयाला साक्षी, उलटतपासणी आणि कित्येक वर्षे लागतात, त्याचे उत्तर प्राध्यापक महाशयांनी दीड मिनिटात, जाहिरातींपूर्वी द्यावे अशी अपेक्षा असते. पुष्कळजण ते देतातही. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर तेच मत 'प्राध्यापक सांगत होते' म्हणून फिरते, आणि वर्षानुवर्षांच्या अध्यापनाने कमावलेली प्रतिष्ठा एका अंदाजाच्या पाठीशी उभी राहते.

एन. डी. स्टुडिओचे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई गेले. चार राष्ट्रीय पुरस्कारांचा मानकरी असलेला हा मराठी माणूस. त्याच्या जाण्याने समाजमन हळहळले हे स्वाभाविकच होते. त्याआधीचा क्रम असा : सुमारे २५२ कोटी रुपयांच्या थकबाकीपोटी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने २५ जुलै रोजी त्यांच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला आणि १ ऑगस्ट रोजी अपिली न्यायाधिकरणाने त्यांचे अपील फेटाळले. ४ ऑगस्टला खालापूर पोलीस ठाण्यात वित्तसंस्थेच्या अधिकाऱ्यांसह पाच जणांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. आरोपींनी उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे त्या महिन्यात त्यांना तातडीचा अंतरिम दिलासा मिळाला नाही.

या टप्प्यावर कायद्याच्या प्राध्यापकाने सांगण्यासारखे पुष्कळ होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आता भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक १०८ झाला आहे. पण 'प्रवृत्त करणे' म्हणजे काय, हे वेगळ्या कलमात सांगितले आहे, पूर्वीच्या १०७ मध्ये आणि आताच्या ४५ मध्ये. त्याचे तीनच मार्ग : चिथावणी देणे, कट करून त्यानुसार कृती होणे, किंवा हेतुपुरस्सर साहाय्य करणे. रागाच्या भरात काढलेले शब्द, त्यांच्या परिणामाचा हेतू नसेल तर, चिथावणी ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड या निकालात सांगून ठेवले होते. म्हणजे मृत व्यक्तीने कोणाचे नाव घेतले एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही, आणि नाव घेतले नाही म्हणून तपासाचे दार बंदही होत नाही. गुन्हा नोंदणे ही तपासाची सुरुवात आहे. अंतरिम दिलासा नाकारणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे, जसे जामीन मिळणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. इतके साधे निरूपण ऐकायला मिळाले असते, तर खालापूरच्या सामान्य माणसाला आपल्या तालुक्यात नेमके काय चालले आहे ते समजले असते.

कावीरचे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथील मृत्यू मे २०१८ मधला. आरोप असा होता, की केलेल्या कामाचे पैसे आरोपींनी दिले नाहीत. २०१९ मध्ये तपास बंद झाला, २०२० मध्ये तो पुन्हा उघडला गेला, ४ नोव्हेंबरला गोस्वामी यांना अटक झाली आणि ११ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. २७ नोव्हेंबरच्या सविस्तर निकालात न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. इंदिरा बॅनर्जी यांच्या पीठाने म्हटले, की प्रथमदर्शनी पाहता तक्रारीतील मजकुरातून प्रवृत्त करण्याच्या गुन्ह्याचे घटक दिसत नाहीत. कावीरला पैसे दिले नाहीत म्हणून, चौकला पैसे मागितले म्हणून. दोन्हीकडे कलम एकच. त्या काळच्या राज्य सरकारचा हेतू शुद्ध होता असे मानण्याचे कारण आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना दिसले असेल. परंतु गोस्वामींच्या वेळी 'नुसत्या आरोपावर अटक कशी?' असे तावातावाने विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी चौकच्या वेळी तोच प्रश्न स्वतःला विचारला? आणि गोस्वामींच्या अटकेने सुखावलेल्यांपैकी कितीजणांनी तो कधीतरी विचारला? माणूस आवडीचा आहे की नावडीचा, यावर कलमाचा अर्थ बदलत नाही, हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी प्राध्यापकाची आहे. वकिलाला पक्षकार असतो, पुढाऱ्याला मतदार असतात. प्राध्यापकाला ना हे बंधन, ना ते.

हा विषय केवळ बड्यांचा आहे, असेही कोणी समजू नये. खोपोली-कर्जत पट्ट्यात पतसंस्था आहेत, बचत गट आहेत, लहान वित्तसंस्थांची वसुली करणारी पोरे मोटारसायकलवरून वाड्यावस्त्यांवर जातात. एखाद्या कर्जदाराने टोकाचे पाऊल उचलले तर त्या घरावर आकाश कोसळते. आणि त्याच संध्याकाळी वीस-पंचवीस हजार पगाराच्या वसुली कर्मचाऱ्यावर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा दाखल होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये महेंद्र आवासे विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थकीत कर्जासाठी तगादा लावल्याचा आरोप असलेल्या एका व्यक्तीला आरोपमुक्त केले. वसुली हे त्याचे कामच होते, याची न्यायालयाने नोंद घेतली. शोकाकुल कुटुंबाच्या तत्कालीन भावना शमवण्यापुरते हे कलम लावले जाऊ नये, पोलीस ते फार सहजपणे लावतात, असेही सुनावले. मात्र खऱ्या छळाची प्रकरणे सुटता कामा नयेत, हेही त्याच निकालात आहे. हा निकाल मराठीत समजावून सांगितला गेला तर कर्जदाराच्या घरालाही कळेल की तक्रारीत केवळ संताप पुरत नाही. तारखा, संदेश, साक्षीदार लागतात.

आत्महत्येच्या बातमीत मानसशास्त्राच्या प्राध्यापकाची जबाबदारी तर आणखी नाजूक. कर्जामुळे, परीक्षेमुळे, घरच्या भांडणामुळे अशी एका कारणाची चिठ्ठी चिकटवणे सोपे असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाच्या आधारे मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. अशा घटनेला एकच सोपे कारण देऊ नये, पद्धतीचे वर्णन करू नये, असे त्या सांगतात. सुशांतसिंह राजपूत प्रकरणानंतर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निलेश नवलखा यांच्या व इतर याचिकांवर निकाल देताना या सूचना वाहिन्यांनाही लागू केल्या आणि प्रसारमाध्यमांनी चालवलेला खटला हा न्यायदानातला हस्तक्षेप असल्याचे स्पष्ट केले. त्या प्रकरणात महिनोन्महिने जी तज्ज्ञमते ओतली गेली, त्यांचे पुढे काय झाले? एम्सच्या वैद्यकीय मंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये खुनाची शक्यता नाकारली, मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ठासून बोललेल्यांपैकी कोणाला त्याचा जाब द्यावा लागला नाही.

न्यायालयात मात्र तज्ज्ञाला जाब द्यावा लागतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली (जुन्या कायद्यात ते ४५ होते) तज्ज्ञाचे मत विचारात घेता येते, पण ते न्यायाधीशावर बंधनकारक नसते. कोणत्या निरीक्षणावरून हे मत बनले, ते सांगावे लागते; विरुद्ध बाजूचा वकील उलटतपासणीत त्याचा धागा न् धागा उसवतो. गागोदेचे अवशेष मे २०१२ मध्ये सापडले, प्रकरण उघडकीस आले ऑगस्ट २०१५ मध्ये. मधली तीन वर्षे पेणच्या हद्दीत एक बेवारस मृतदेह एवढीच त्याची नोंद. २०१७ मध्ये खटला सुरू झाला. हाडे कोणाची, वय काय, ही माहिती देण्यासाठी शरीररचनाशास्त्राच्या व न्यायवैद्यक शाखेच्या माणसांना पिंजऱ्यात उभे राहावे लागते. २०२४ मध्ये तर हे अवशेष सापडत नाहीत असे सरकार पक्षाने आधी सांगितले आणि काही दिवसांनी ते सीबीआयच्या दिल्लीतील कार्यालयात मिळाल्याचे कळवले! मुद्देमाल कसा जपावा, त्याची साखळी तुटली तर खटल्याचे काय होते, यावर एखाद्या न्यायवैद्यक प्राध्यापकाने अर्धा तास बोलावे असा हा विषय होता. पण त्यात सनसनाटी कमी आणि शिकण्यासारखे जास्त. वाहिन्यांना ते परवडत नाही.

मग प्राध्यापकांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात चार प्राध्यापकांनी तोंड उघडले म्हणून देशाचा कायदा बदलला. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. 'मथुरा प्रकरण' म्हणून ते ओळखले जाते. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख.

वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघा विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राचे बळ कशात होते? निकाल लागून गेला होता, चालू खटल्यावर दबाव येण्याचा प्रश्न नव्हता. चौघांनी निकालपत्र ओळन् ओळ वाचले होते. 'शरण जाणे' आणि 'संमती देणे' यांतला फरक त्यांनी निकालातील मजकुरावर बोट ठेवून दाखवला. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत, रात्रीच्या वेळी, भेदरलेली गरीब मुलगी ओरडली नाही याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न त्यांनी कायद्याच्या भाषेत विचारला. मुलीला ठाण्यात बोलावून थांबवले गेले याबद्दल न्यायालयाने नाराजीचा शब्द का काढला नाही, असेही विचारले. पाहिले तर हे चौघे वैचारिकदृष्ट्या आमच्या वाचकांच्या जवळचे होते असे नाही. पण युक्तिवाद पक्का होता. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल बदलला नाही, कायदा बदलला. विधी आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला आणि १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात पीडितेने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तसे गृहीत धरेल, असे कलम पुराव्याच्या कायद्यात आले. कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतील मुलींनाही ते संरक्षण त्या पत्रामुळे सुरू झालेल्या चळवळीने दिले.

चौघांनी वर्षभर वाचून लिहिले. आजच्या तज्ज्ञाला वर्षभर थांबा असे कोणी म्हणणार नाही. पण प्राथमिक माहिती अहवाल तरी वाचून बोलावे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता, तो चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायचा असतो. आपल्या विषयाबाहेरचा प्रश्न आला तर 'हे माझ्या अभ्यासाचे नाही' असे सांगण्यात कमीपणा नाही. आणि वार्ताहरांनीही प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याकडेच फोन का फिरवावा? खोपोलीत के. एम. सी. महाविद्यालय आहे, कर्जतला कोकण ज्ञानपीठ आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र शिकवणारी, या तालुक्यांचे कर्ज, जमीन आणि स्थलांतर ओळखणारी माणसे जिल्ह्यात आहेत. खालापूरच्या न्यायालयात वकिली करणारे सोबत घेतले तर कायद्याची बाजूही भरून निघते.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे काम आहे. सहकारी पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात. त्या सभेत कर्जदार सभासद असतो, संचालक असतात, वसुलीचा कर्मचारीही मागच्या रांगेत उभा असतो. तेथे एखाद्या प्राध्यापकाला आणि एखाद्या वकिलाला अर्धा तास द्यावा, आणि कलम १०८ व महेंद्र आवासे निकालापासून सुरुवात करावी.