झोपेचा हक्क कोणाचा?

गोंगाटाची तक्रार म्हणजे सुखवस्तू लोकांचे चोचले, असा एक समज पसरविण्यात आला आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो गोंगाटापासून दूर घर घेतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग कामगार मात्र पाळीभर मागांच्या खडखडाटात उभा राहतो आणि पाळी संपल्यावर त्याच खडखडाटाला लागून असलेल्या खोलीत पाठ टेकतो.

कायदा नाही, असे नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी विभागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. औद्योगिक विभागात हीच मर्यादा 75 आणि 70 आहे. खरी मेख येथेच आहे. घरे आणि कारखाने जेथे एकमेकांना चिकटून आहेत, ती वस्ती कोणत्या विभागात धरावयाची, हे ठरविण्याचा अधिकार प्रशासनाकडे आहे. वस्ती औद्योगिक ठरली की तेथील मुलाबाळांची झोपही औद्योगिक ठरते! शिवाय नियमांची रात्र 10 ते 6 अशी. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराची रात्र त्यांच्या हिशेबातच नाही.

मर्यादेहून 10 डेसिबल अधिक आवाज असल्यास नागरिकास तक्रार करता येते. पण मोजण्याचे यंत्र कामगाराने आणावे कोठून? आणि मालकाविरुद्ध एकट्याने अर्ज केला तर उद्या कामावर घेणार कोण? ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावले की, तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करावी. हेच संरक्षण यंत्रांच्या गोंगाटाबाबतही मिळाले पाहिजे.

‘माग बंद पडतील, रोजगार जाईल’, ही धमकी मालकवर्ग देईलच. परंतु माग बंद करा, असे कोणीही म्हणत नाही. मागाखाली कंप शोषणारी बैठक घालावी, झिजलेले भाग वेळेवर बदलावेत, भिंती आवाज अडवतील अशा कराव्यात आणि हा खर्च नफ्यातून व्हावा, एवढीच मागणी आहे.

म्हणून तक्रार एकट्याने नव्हे, साऱ्या वस्तीने करावी. लेखी करावी, दिवस व वेळ नोंदवून करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. वस्ती निवासी म्हणून घोषित करा आणि आवाजाची मोजणी सरकारी यंत्रणेने येथे येऊन करावी, या दोन मागण्या त्यात असाव्यात. श्रमानंतरची झोप ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो कष्टकऱ्याचा हक्क आहे.