चाचणी-उड्डाणाची नोंदवही

विमानांच्या प्रतिकृती उडविणे हा हौशी लोकांचा खेळ आहे आणि खेळाची दखल क्रीडापृष्ठावर घेतली म्हणजे पुरे, असे कोणी म्हणेल. दोऱ्याच्या किंवा छोट्या पंख्याच्या विमानांपुरते ते मान्य करता येईल. टर्बाइनवर चालणारे, जमिनीवरून बिनतारी संदेशांनी नियंत्रित होणारे छोटे जेट विमान मात्र या समजुतीत सहजासहजी बसत नाही. दोन मीटर लांबीच्या आणि दहा-पंधरा किलो वजनाच्या या विमानाच्या पोटात जे इंजिन असते ते खऱ्या इंजिनाचे सोंग नव्हे. ते खरेच इंजिन असते. प्रवासी विमानात ज्या क्रमाने हवा आत ओढली जाते, दाबली जाते, इंधनासह जळते, टर्बाइनची पाती फिरविते आणि मागे झोताच्या रूपाने बाहेर पडते, तोच क्रम येथेही घडतो. फरक आकाराचा आहे आणि आकार लहान झाला म्हणून काम सोपे होत नाही.

उलट काही बाबतींत ते अवघड होते. हवा पुरेशी दाबली जावयाची तर कॉम्प्रेसरच्या चक्राच्या कडेचा वेग प्रचंड असावा लागतो. चक्रच साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे असेल तर तो वेग गाठण्यासाठी त्याला मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. अशा वेळी चक्राची कड ध्वनीच्या वेगाहूनही अधिक वेगाने फिरत असते. इंजिन नुसते मंदगतीने चालू ठेवायचे म्हटले तरी तीस-पस्तीस हजार फेरे होतात. बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान पाचशे ते सातशे अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. वंगणासाठी स्वतंत्र व्यवस्था करण्याइतकी जागा नसल्याने इंधनातच सुमारे पाच टक्के तेल मिसळतात आणि त्या मिश्रणाचा एक बारीक प्रवाह बेअरिंगकडे वळवितात. इंधन म्हणजे बहुतेक वेळा घरोघरच्या परिचयाचे रॉकेल! ज्या इंधनावर पिढ्यान् पिढ्या स्टोव्ह पेटले त्याच इंधनावर दीड किलोचे हे यंत्र दहा-बारा किलोचा रेटा देते.

हे साधण्यास फार काळ लोटलेला नाही. बिनतारी नियंत्रणाखालचे, टर्बाइनवर चालणारे पहिले प्रतिकृती-विमान १९८३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमन येथे जेरी जॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उडविले. त्यात प्रोपेन वायू जळत होता. त्याच तळावर त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे येऊन दाखल झाली आणि तळाच्या कुंपणाबाहेर त्यांच्या विरोधात स्त्रियांनी ठाण मांडलेले होते. ती क्षेपणास्त्रेही छोट्या जेट इंजिनावरच चालत. एकाच धावपट्टीने एकाच वर्षी लहान इंजिनाची दोन रूपे पाहिली. एक हौसेतून आलेले, दुसरे संहारासाठी घडविलेले. पुढे काही वर्षांनी जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी प्लायवुडचे कॉम्प्रेसर-चक्र कार्बनच्या धाग्यांनी बळकट करून घरच्या कार्यशाळेत इंजिन बनविले आणि ते कसे बनवावे याचे पुस्तकच लिहिले. आज अशी इंजिने कारखान्यांतून तयार मिळतात. सुरू करण्याचे, तापमानावर नजर ठेवण्याचे आणि बंद केल्यावर थंड होईपर्यंत चक्र फिरवीत राहण्याचे काम एक इलेक्ट्रॉनिक पेटी करते. किंमत मात्र लाखांच्या घरात जाते.

तयार इंजिन तयार सांगाड्यात बसविले की विमान तयार झाले, असे समजणाऱ्याचे विमान पहिल्याच दिवशी मातीला मिळण्याचा संभव असतो. खरे काम तेथून पुढे सुरू होते. प्रथम गुरुत्वमध्य पाहावा लागतो. तो ठरलेल्या जागेपासून थोडासा जरी मागे सरकला तरी विमान हाताबाहेर जाते, म्हणून इंधनाच्या टाक्या गुरुत्वमध्याजवळच बसवितात आणि तोल टाक्या रिकाम्या ठेवून तपासतात. उड्डाणाच्या शेवटी, उतरण्याच्या नाजूक क्षणी, विमान त्याच स्थितीत असणार असते. इंधनाच्या नळीत हवेचा एखादा बुडबुडा शिरला तर ज्योत विझते, यासाठी मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये बुडबुडे अडवून धरणारी आणखी एक छोटी टाकी लागते. बिनतारी संदेश किती अंतरापर्यंत पोहोचतात हे प्रक्षेपकाची शक्ती मुद्दाम कमी करून, आधी इंजिन बंद असताना आणि मग चालू असताना, असे दोनदा पाहावयाचे. संदेश तुटलाच तर इंजिन आपोआप बंद पडते की नाही तेही पाहावयाचे. धावपट्टी झाडून घ्यावयाची, कारण एक खडा कॉम्प्रेसरमध्ये गेला की संपले. आणि अग्निशामक नळकांडे हाताशी घेऊन एक माणूस उभा ठेवावयाचा. हे सारे झाल्यावरही वारा आडवा असेल तर सामान गाडीत भरून घरी परतावयाचे. या शेवटच्या पायरीला सर्वांत अधिक धैर्य लागते, असे या क्षेत्रातील जाणते सांगतात ते खोटे नसावे.

उड्डाणात पंख्याच्या विमानाची सवय उपयोगी पडत नाही. पंख्याच्या विमानात शेपटीवर सतत वारा वाहत असतो, त्यामुळे वेग कमी असतानाही सुकाणू ऐकते. जेटमध्ये तो वारा नाही. विमानाला पुरेसा वेग येईपर्यंत धीर धरावा लागतो. थ्रॉटलचा दांडा पुढे सारल्यावर इंजिनाला पूर्ण जोर पकडण्यास तीन-चार सेकंद लागतात आणि ताशी शंभर किलोमीटर वेगाने उतरू पाहणारे विमान तेवढ्या अवधीत सुमारे शंभर मीटर अंतर कापते. म्हणजे चूक लक्षात आल्यावर ती सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. चूक होण्यापूर्वीच तिचा अंदाज घ्यावा लागतो. शिवाय मंदगतीतही इंजिन विमानाला थोडे पुढे ढकलीतच असते, त्यामुळे ते लवकर थांबावयास तयार नसते. म्हणून पहिल्या उड्डाणात कसरती नसतात. उंची गाठावयाची, विमान हात सोडल्यावर सरळ जाते का ते पाहून नियंत्रणे जुळवावयाची, चाके व फ्लॅप खाली करून उतरण्याचा वेग वर आकाशातच अजमावून पाहावयाचा आणि टाकीत भरपूर इंधन शिल्लक असतानाच खाली यावयाचे.

त्यानंतर सुरू होते ते सूक्ष्म जुळणीचे काम. फ्लॅप खाली करताच नाक वर उचलले जात असेल तर एलेव्हेटरला आपोआप किंचित खाली नेणारी जोड द्यावी लागते. किती, हे दोन-तीन उड्डाणांनंतरच कळते. विमान चढत्या रेषेत उलटे करून नाक किती लवकर खाली येते ते पाहिले की गुरुत्वमध्य पुढे आहे की मागे याचा अंदाज येतो. मग बॅटरी दोन मिलिमीटर सरकवावयाची आणि पुन्हा उडवावयाचे. वेगात एखाद्या पृष्ठाची फडफड ऐकू आली तर ताबडतोब थ्रॉटल मागे घेऊन खाली उतरावयाचे आणि दांड्यांच्या सांध्यांत कोठे ढिलाई आहे ते शोधावयाचे. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलेली विमाने हवेतच फुटली आहेत. या साऱ्याला एकच दंडक आहे: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि विमान सुधारले, तर ते कशामुळे सुधारले हे सांगता येत नाही. बिघडले, तर तेही सांगता येत नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी जर्मनीतील बालेनश्टेट येथे नील्स हर्ब्रिख यांच्या टर्बाइन-प्रतिकृतीने ताशी ७४९ किलोमीटरचा वेग गाठला आणि जागतिक विक्रमांत त्याची नोंद झाली. लोक आकडा लक्षात ठेवतात. आकड्यामागच्या कंटाळवाण्या उड्डाणांकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने मोल असते ते त्यांचे.

कारण नेमकी हीच गोष्ट आपल्या महाविद्यालयांतून शिकविली जात नाही. विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रयोगवही लिहावी लागते, हे खरे. पण ती कशी लिहिली जाते हे शिक्षकांना ठाऊक आहे आणि विद्यार्थ्यांना तर अधिकच ठाऊक आहे. उत्तर आधीच माहीत असते. वाचने मागच्या वर्षीच्या वहीतून उतरतात किंवा उत्तरावरून उलट काढली जातात. न जुळणारे वाचन खोडले जाते. वहीवर सही होते, गुण मिळतात, आणि न जुळणाऱ्या वाचनातच काही शिकण्यासारखे होते ही शंकाही कोणास येत नाही. खोटे वाचन लिहून विमानाचा तोल सुधारत नाही. परीक्षकाला फसविता येते, गुरुत्वमध्याला नाही.

नोंदींविषयीच्या या अनास्थेला महाराष्ट्रात एक जुना संदर्भही आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा अनेकांनी अभिमानाने सांगितली आहे. तळपद्यांचा ध्यास खरा असेल. त्यांची उपेक्षाही झाली असेल. पण विमानाचे वजन किती होते, ते किती वेळ उडाले, शक्ती कोणती होती, याची तपासून पाहता येईल अशी एकही नोंद हाती नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या कथेशी संबंध जोडला जातो, त्याची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये चिकित्सा केली आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत असे दाखवून दिले. तरीही २०१५ साली मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. एखाद्या मुलाने आपल्या छोट्या जेटच्या सहा उड्डाणांची प्रामाणिकपणे लिहिलेली वही अशा निबंधापेक्षा देशाच्या अधिक उपयोगाची आहे, असे म्हटल्यास कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही.

हे केवळ छंदापुरते आहे असेही नाही. पंख आणि धड एकजीव असलेल्या नव्या घाटाच्या विमानाची परीक्षा बोइंग आणि नासा यांनी एक्स-४८बी या नावाने केली, तेव्हा त्यांनी पूर्ण आकाराचे विमान बांधले नाही. सव्वासहा मीटर पंखविस्ताराची, सुमारे सव्वादोनशे किलो वजनाची प्रतिकृती बांधली आणि तिला जर्मनीत हौशी लोकांसाठी बनणारी तीन छोटी टर्बाइने बसविली. पहिले उड्डाण २० जुलै २००७ रोजी झाले. २०१० पर्यंत बाण्णव उड्डाणे झाली. हौशी लोकांनी ज्या इंजिनाला मोठे केले तेच अखेर संशोधनाच्या कामी आले. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने २०२० साली ‘फ्लाइंग-व्ही’ विमानाची साडेबावीस किलोची प्रतिकृती उडविली. तिची इंजिने विजेवर चालणारी होती, पण पद्धत तीच. विमान डावी-उजवीकडे डुलते आणि त्यामुळे उतरताना ते काहीसे आदळले, ही उणीव त्या विद्यापीठाने स्वतःहून जाहीर केली. उणीव जाहीर करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

भारताची स्थिती काय आहे? तेजस लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले ते अमेरिकी इंजिनावर, आणि २०१६ साली ते हवाई दलात दाखल झाले तेही अमेरिकी इंजिनावरच. त्यासाठी १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन २००८ मध्ये त्या विमानापासून वेगळे करण्यात आले. या इंजिनाची हवेतील चाचणी करावयाची वेळ आली तेव्हा ते २०१० साली रशियात न्यावे लागले आणि तेथील इल्युशिन विमानाला जोडून उडवावे लागले, कारण तशी चाचणी-व्यवस्था देशात नव्हती. धातुविज्ञानापासून निधीपर्यंत कावेरीच्या अडचणी अनेक होत्या. त्या साऱ्या चाचणीच्या अभावावर ढकलणे अन्यायाचे होईल. तथापि आराखडा काढणारे या देशात कधी कमी पडले नाहीत. कमी पडतात ते शंभर वेळा उडवून, मोजून, पुन्हा उडविणारे.

धोक्याचा आक्षेप रास्त आहे. ताशी दोन-तीनशे किलोमीटर वेगाने जाणारी, रॉकेलने भरलेली पंधरा किलोची वस्तू माणसांवर कोसळली तर काय होईल हे सांगावयास नको. परंतु त्यावर बंदी हा उपाय नव्हे. अमेरिकेत १९३६ पासून काम करणारी ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही संस्था टर्बाइन उडविण्यासाठी स्वतंत्र परवाना देते, आणि तो मिळविण्यासाठी अनुभवी परीक्षकांसमोर प्रत्यक्ष उड्डाण करून दाखवावे लागते. ताशी दोनशे मैलांची मर्यादाही तिनेच घातली आहे. भारतात ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन व करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्राच्या जाचातून मोकळे केले, हे योग्यच झाले. पण त्या नियमांतील वर्गवारी वजनावर आहे. उडविणाऱ्याच्या हाताची पारख वजनकाट्यावर होत नाही.

ती पारख कोणी करावी? राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृतींचे शिक्षण आजही दिले जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अशी विमाने बनविणारे विद्यार्थी आहेत. हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ तर गावोगाव आहेत. राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत बांधलेल्या ज्या धावपट्ट्यांवर नियमित वाहतूक नाही, त्यांतील दोन-तीन महिन्यातून एक रविवार या कामासाठी उघडाव्यात. हवाई वाहतुकीच्या यंत्रणेला आगाऊ सूचना असावी, प्रेक्षकांसाठी दोर बांधावा, आगीचा बंब उभा असावा. परीक्षा घेणाऱ्याने विद्यार्थ्याचे विमान पाहण्यापूर्वी त्याची वही मागून घ्यावी, आणि तीत खोडलेले वाचन एकही नसेल तर अधिक बारकाईने प्रश्न विचारावेत.