तरावीह : रमजानच्या रात्रींची नमाज

रमजानच्या उपवासाविषयीं आपल्या घरांतून बहुतेकांस माहिती असते. त्या महिन्याच्या रात्रींविषयीं मात्र फारच थोडी. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेला मनुष्य सूर्यास्तानंतर चार घांस खातो, आणि अंग टाकावेंसें वाटूं लागतें तोंच मशिदीची वाट धरतो. तेथें ‘इशा’ची, म्हणजे रात्रीची नित्य नमाज झाल्यावर आणखी एक दीर्घ नमाज होते. तिचें नांव तरावीह.

‘तरवीहा’ म्हणजे विसांवा. तरावीह हें त्याचेंच अनेकवचन. उभें राहून पठण, मग वांकणें, मग दोनदां भूमीस मस्तक टेकणें, अशा एका आवर्तनास रकात म्हणतात. दर चार रकात झाल्या कीं थोडें बसावयाचें. त्या बसण्यावरूनच साऱ्या नमाजेस हें नांव पडलें. आपल्या कोंकणांतील मुसलमान बहुतांशीं शाफिई आणि देशावरील बहुतांशीं हनफी. हे दोन्ही पंथ २० रकात करितात. अहले हदीस मंडळी आठच मानितात, आणि हा वाद बराच जुना आहे.

ही नमाज सक्तीची नव्हे. परंपरा असें सांगते कीं, पैगंबर महंमद कांहीं रात्रीं मशिदींत ती करूं लागले, तेव्हां त्यांच्या मागें लोकांची दाटी वाढत गेली. मग एका रात्रीं ते बाहेर आलेच नाहींत. ही नमाज लोकांवर बंधनकारक होईल अशी भीति वाटली, असें कारण त्यांनीं सांगितलें. पुढें दुसरे खलीफा उमर यांनीं मदिनेंत विखुरलेल्या उपासकांस उबय्य इब्न काब यांच्या मागें एकत्र उभें केलें. तेव्हांपासून जवळजवळ चौदाशें वर्षें हें ऐच्छिक व्रत चालत आलें आहे. पहिल्या रात्रीं मशीद ओसंडते, मधल्या दिवसांत ओळी विरळ होतात, आणि सत्ताविसाव्या रात्रीं पुन्हां गर्दी होते. आपल्या पारायणांचा अनुभव याहून निराळा नाहीं.

या नमाजेचा प्राण म्हणजे कुराणाचें पठण. ११४ सूरांचा तो ग्रंथ ३० भागांत विभागलेला आहे. रोज एकाहून थोडा अधिक भाग म्हणत सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत सारा ग्रंथ पुरा करावा, अशी आपल्याकडे सामान्य रीत. म्हणणारा हाफिज, म्हणजे ज्यास सर्व कुराण मुखोद्गत आहे असा. पुष्कळदां तो मिसरूडही न फुटलेला मुलगा असतो. त्याच्या मागें दुसरा हाफिज कान देऊन उभा राहतो, आणि शब्द चुकतांच तेथेंच तो सुधारून देतो. या सुधारण्यास ‘लुकमा’ म्हणतात. लुकमा म्हणजे घांस! अडलेल्याच्या मुखांत शब्दाचा घांस घालणें, ही कल्पना कोणाही शिक्षकास आवडेल.

पाणिनीय शिक्षेनें सहा अधम पाठक सांगितले आहेत. घाईनें म्हणणारा, पुस्तकांत पाहून म्हणणारा आणि अर्थ न जाणणारा, हे त्यांपैकीं तीन. पुस्तकाच्या बाबतींत हाफिजास दोष देतां यावयाचा नाहीं. घाईची तक्रार मात्र मुसलमान स्वतःच करितात. व्यापाराच्या सोयीसाठीं कोठें दहा, कोठें सहा, तर कोठें तीनच रात्रींत ग्रंथ आटोपतात, आणि मग शब्द शब्दांत मिसळून जातात. सावकाश व स्पष्ट पठणाची आज्ञा खुद्द कुराणांतच असल्यानें त्यांचे विद्वान या घाईस नांवें ठेवितात. अर्थाची अडचण याहून मोठी. तासभर उभ्यानें ऐकणाऱ्या आपल्या प्रांतांतील बहुतेकांस अरबी येत नाहीं. त्यावर उपाय म्हणून कित्येक मशिदींत त्या रात्रीच्या भागाचा सारांश उर्दूंत सांगतात.

२०२० सालच्या साथींत मशिदी बंद झाल्या. मक्केच्या मोठ्या मशिदींतही सामान्य लोकांस प्रवेश नव्हता व २० रकातांच्या १० करण्यांत आल्या. त्या वर्षीं तरावीह घरोघरीं आली. ज्यास चार लहान सूरा येत होत्या तो बाप किंवा मुलगा पुढें उभा राहिला. आपल्याकडील पुष्कळ मशिदींत स्त्रियांची सोय नसते. घरांत मात्र आई, बहीण, आजी मागच्या ओळींत उभ्या राहिल्या. मशिदीचें दार मिटल्यावर ज्याच्या कंठांत जेवढें होतें तेवढेंच त्या घरास मिळालें.

हीच परीक्षा आपल्या घरीं घेतली तर काय हातीं येईल? पुस्तक मिटून पुरुषसूक्त म्हणणारे घरांत किती, त्यांत घाई न करणारे किती, आणि एखाद्या ऋचेचा अर्थ मुलांस सांगूं शकणारे किती, हें ज्यानें त्यानें आपल्या देवघरांत पाहावें. शेजाऱ्याच्या पाठांतरास हंसण्यापूर्वीं तर अवश्य पाहावें.