सफाईचा खर्च आधी, दाव्याचा निकाल नंतर

मागाच्या तेलाचा डाग ग्रे कापडावर पडला तर ताजा असेपर्यंत धुऊन निघतो. ताग्यात महिनाभर दाबून राहिला की माल सेकंडमध्ये जातो, हे कापडवाल्यांना सांगायला नको. कुवेत आणि सौदी अरबच्या जमिनीचे असेच झाले आहे.

१९९१ च्या जानेवारीत इराकी फौजेने कुवेतचे कच्चे तेल समुद्रात सोडले. पुढच्या महिन्यात माघार घेताना सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी बंद झाली. लोकांना आग आठवते, धूर आठवतो. पण जे तेल जळले नाही त्याची वाळवंटात तळी साचली आणि सौदीच्या सुमारे ७०० किलोमीटर किनाऱ्यावर थर बसला.

तेलातला हलका भाग उन्हाने उडून जातो, जड भाग मागे राहतो. त्यातल्या विषारी हायड्रोकार्बनपैकी बेन्झोपायरीनने तर कर्करोग होतो. खाडीच्या चिखलात हे तेल खेकड्यांच्या बिळांतून खोल उतरले. तिथे हवा पोचत नाही, म्हणून जिवाणूंना ते फोडता येत नाही. दहा-बारा वर्षांनी उकरले तरी ओले तेलच निघाले.

आता हिशेब पाहा. सुरक्षा परिषदेच्या १९९१ च्या ठराव ६८७ ने पर्यावरणाच्या नुकसानीचीही जबाबदारी इराकवर टाकली. भरपाई आयोगाने एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटले, शेवटचा हप्ता २०२२ मध्ये. कुवेत सोडून आलेल्या भारतीय कामगारांनाही त्यातून पैसे मिळाले. कोकणातल्या कित्येक घरांतले लोक त्यांत होते. माणसांना आधी दिले, हे योग्यच झाले. पण पर्यावरणाच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा आला आणि तो मंजूर झाला २००१ ते २००५ या काळात. तोवर डाग पक्का झाला होता.

गोदामात पाणी शिरले तर आपण ओले तागे आधी बाहेर काढतो, विम्याचे भांडण मागाहून करतो. युद्धानंतरही हाच कायदा हवा. सफाईची रक्कम पहिल्याच वर्षी उचल म्हणून मिळावी. दोष कोणाचा, किती, हे आयोगाने सावकाश ठरवावे. पैसा उशिरा आला तरी तो चालतो. तेल मात्र कोणासाठी थांबत नाही, रोज थोडे खाली उतरतच राहते.